दिसतात चौदा, आहेत पंधरा

काचताईने मला गप्प बसवलं, तो दिवस मला नीट आठवतो. त्याआधी बारा वर्षं मी वर्गावर दुसऱ्यांना गप्प बसवत आले होते. मी तिच्या दुकानात शिरले, "अहो, जरा" एवढंच म्हणाले, आणि टेबलावर वाकलेली ती बाई मान वर न करता म्हणाली, "गप्प."

मी गप्प झाले. तिने काचेवर लाकडी पट्टी धरली आणि हिऱ्याने एक रेघ ओढली. कापड फाटावं तसा बारीक, सलग आवाज आला. मग काच टेबलाच्या कडेला सरकवून तिने दोन्ही हातांनी हलका दाब दिला. टक् झालं आणि काचेचे सरळ दोन तुकडे झाले. तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं.

"काच आवाजावर कापतात," ती म्हणाली. "आवाज तुटला की काच वाकडी जाते. बोला आता."

माझ्या हातात शाळेचा फोटो होता. शाळेला पंचवीस वर्षं झाली म्हणून काढलेला, सगळे शिक्षक दोन ओळींत. मागच्या ओळीत अगदी उजवीकडे आमचे चित्रकलेचे मास्तर उभे होते. फोटो काढल्यावर दोन महिन्यांनी त्यांना शाळेतून जायला सांगितलं गेलं. कारण कुठल्याच कागदावर लिहिलं नाही. त्यांच्या खोलीवर एक माणूस दर शनिवारी येतो आणि सोमवारी सकाळी जातो, एवढं कुणीतरी संस्थेच्या कानावर घातलं होतं. एवढंच पुरलं. मुख्याध्यापक मला म्हणाले, "बाई, दुकान तुमच्या रस्त्यावरच आहे. तेवढा कडेचा भाग काढून फ्रेम करून आणा." मी फोटो घेऊन निघाले. का, असं विचारलं नाही, कारण का ते मला माहीत होतं.

"हा उजवीकडचा भाग नकोय," मी काचताईला म्हणाले.

"डाग पडलाय?"

"नाही."

"मग?"

"ते आता शाळेत नाहीत."

"वारले?"

"नाही हो."

"मग?"

गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी मी नुसती उभी राहिले.

"मी फोटो कापत नाही," ती शेवटी म्हणाली. "कुणाचाच. माउंटखाली घेते. चालेल?"

माउंट म्हणजे फोटो आणि काच यांच्यामध्ये बसवतात तो जाड पुठ्ठा. त्याला मधोमध खिडकी कापलेली असते आणि खिडकीतून जेवढं दिसतं तेवढाच फोटो लोक बघतात. खिडकी थोडी लहान कापली की कडेचा माणूस पुठ्ठ्याच्या मागे जातो.

"दिसणार नाही ना?" मी विचारलं.

तिने फोटो हातात घेतला. "नाही दिसणार. सगळे हेच विचारतात."

चार दिवसांनी फ्रेम आणायला गेले तेव्हा ती मागचा पुठ्ठा चिकटवत होती. चिकटवण्याआधी तिने आतल्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. 'दिसतात चौदा, आहेत पंधरा.' खाली तारीख.

"हे कशाला?" मी म्हणाले.

"पुढे कधी कुणी फ्रेम उघडली तर त्याला कळायला नको?"

मला ते आगाऊपणाचं वाटलं होतं. फ्रेम शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लागली, आणि गावातला मी ओळखत असलेला सर्वांत सभ्य माणूस पुठ्ठ्याआड गेला. नेऊन दिला होता मी.

तिच्या दुकानात मग मी अधूनमधून जात राहिले. काम असो नसो. काचताई हे नाव शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं, कारण भल्यामोठ्या काचा कागदात गुंडाळून, डोक्याच्या वर धरून ती भर रस्त्यातून चालत यायची आणि वाटेतल्या मोटारी हॉर्न न वाजवता थांबायच्या. अंगाने किरकोळ, आवाजाने दांडगी. डाव्या अंगठ्यावर जुन्या जखमेचा पांढरा व्रण. ओठांत कायम दोन चुका, म्हणजे फ्रेमला मारायचे बारीक खिळे, धरलेल्या, त्यामुळे रागावली तरी दातांतल्या दातांत बोलायची आणि ते जास्तच लागायचं. गिऱ्हाइकाने "जरा लवकर द्या" म्हटलं की म्हणायची, "लवकर हवं तर वर्तमानपत्रात गुंडाळून न्या." एकाने आपल्या वडिलांच्या फोटोला सोनेरी पट्टी मागितली, तिने फोटो पाहून विचारलं, "हे सोनेरी होते का?" तो हसला आणि साधी काळी पट्टी घेऊन गेला. माणूस दुखावणार नाही इतपतच ती टोचायची, निदान त्या काळात.

दुकान फोटो स्टुडिओच्या इमारतीत होतं. स्टुडिओ आणि इमारत एका भावाची, आणि त्या स्टुडिओतलं खरं काम त्याच्या बहिणीचं. तो गिऱ्हाइकांना बसवायचा, मान तिरकी करायला लावायचा. फोटो धुणं, छापणं, त्यांवर रंग देणं हे सगळं बहीण आत अंधाऱ्या खोलीत करायची. तिला आम्ही फोटोवाली म्हणत असू. फोटोवाली आणि काचताई दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायच्या. मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हाच त्यांना एकत्र राहून चार वर्षं झाली होती.

गाव म्हणायचं, "दोघी मैत्रिणी आहेत." त्या शब्दात काही खोटं नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा होता.

मला त्यांचं काय आहे ते कसं कळलं, तेवढं सांगते. फोटोवाली दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीतून बाहेर यायची आणि उजेडाने डोळे मिटून दारात उभी राहायची. काचताई कामातून मान वर काढायची नाही. नुसता डावा हात मागे करायची, आणि त्या हातात फोटोवालीचा चष्मा असायचा. चष्मा कधी शोधावा लागला नाही, कधी मागावा लागला नाही. मी लग्न झालेली बाई. संसार म्हणजे काय ते मला कळत होतं.

फोटोवाली सहा वर्षांपूर्वी गेली. फुप्फुसांचं दुखणं, पाच महिने. काचताई दवाखान्यात पाच महिने होती, आणि भेटायला येणारे सगळे भावाला विचारायचे, "आता कशी आहे तब्येत?" काचताईला विचारायचे, "तुम्ही जेवलात का?" लोक वाईट नव्हते. हे मी आजवर इतक्यांदा म्हणालेय की आता मला त्या वाक्याची चीड येते.

महिन्याभराने भाऊ एक फोटो घेऊन खाली दुकानात आला. तो फोटो दोघींनी स्वतःच काढलेला होता, कॅमेऱ्याचं घड्याळ लावून. फोटोवाली खुर्चीत बसलेली, काचताई मागे उभी, तिचा हात फोटोवालीच्या खांद्यावर. फोटोवालीने मग त्याला आपल्या हाताने रंग दिला होता. भाऊ म्हणाला, "बहिणीचा एवढा एकच चांगला आहे. दुकानात लावू. पण तेवढं मागचं..." आणि पुढचं त्याने हाताने दाखवलं.

तिने ते केलं. स्वतःला स्वतःच्या हाताने माउंटखाली घातलं. अडचण होती ती हाताची. खांद्यावरचा हात झाकायचा तर खांदाही झाकावा लागत होता. तिने झाकला. सहा वर्षं दुकानाच्या मागच्या भिंतीवर फोटोवाली एका खांद्याची बसून राहिली, आणि सहा वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्या एकाही माणसाला प्रश्न पडला नाही की या बाईचा दुसरा खांदा कुठे गेला.

"आत काय लिहिलंत?" मी तिला तेव्हा विचारलं होतं.

"दिसते एक, आहोत दोन." आणि मग चुका तोंडातून काढून म्हणाली, "आणि बाई, खिडकीची कड इतकी सुरेख कापली गेली म्हणून सांगू. रडत कापली तरी हात हलला नाही. मेली सवय."

आता वाचनालयाचं सांगते. आमचे ग्रंथपाल उत्साही गृहस्थ. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी वाचन-दालनातली टेबलं सरकवून ते पडदा लावायचे आणि बाहेरदेशीचा एखादा चित्रपट दाखवायचे. नंतर चर्चा. यंदा एकदा त्यांनी फलकावर लिहिलं, 'समलिंगी जोडप्याच्या आयुष्यावरील चित्रपट'. वाचनालयाच्या समितीने ते पुसून 'वेगळ्या नात्याची कथा' असं लिहायला लावलं. चित्रपट दोन म्हाताऱ्यांचा होता. दोघं मिळून बेकरी चालवतात, त्यांतला एक हळूहळू विसरायला लागतो, आधी पिठाचं प्रमाण, मग दुसऱ्याचं नाव. काचताई माझ्या शेजारी बसली होती. मध्येच माझ्या कानाशी म्हणाली, "वेगळं काय आहे यात? पाव भाजतायत की दोघं."

चित्रपट संपला तेव्हा बरेच जण डोळे पुसत होते. मग चर्चेसाठी आमचे दातांचे डॉक्टर उभे राहिले. गावात त्यांच्या शब्दाला वजन. ते म्हणाले, "कलाकृती म्हणून उत्तम. मी स्वतः हेलावून गेलो. पण हे तिकडचं आहे. आपल्या गावात असं कुणी नाही. आणि नसताना उगाच दाखवून आपण काय साधतो, याचाही विचार व्हावा."

दालनात माना हलल्या. माझीही हलायला निघाली होती. सवय.

काचताई उभी राहिली. "डॉक्टर, तुमच्या हॉलमधल्या मोठ्या फोटोला फ्रेम कुणी केली?"

"तुम्हीच केलीत की."

"हो ना? मग बसा खाली."

डॉक्टर बसले.  काचताईचा आवाज चढला नव्हता, पण तिला चुका तोंडात नसताना इतकं दाबून बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

"तीस-पस्तीस वर्षं या गावाचे फोटो मी चौकटीत बसवतेय," ती म्हणाली. "तुम्ही घरातली माणसं घेऊन माझ्याकडे येता. हा नको, ही नको, हिला काढा, ह्याला झाका. काही भांडणाची असतात, काही घटस्फोटाची. आणि काही नुसती अशी असतात, ह्या बेकरीवाल्यांसारखी. ती घेऊन येणारा माणूस कुजबुजत बोलतो, म्हणून मला लगेच कळतं. गावात कुणी नाही म्हणता? झाकायला कुणाला आणलं होतंत मग?"

मागून कुणीतरी ओरडलं, "नावं सांगा की मग!"

"नाही सांगणार. त्यांनी मला उघडायला सांगितलेलं नाही. झाकायला तुम्ही सांगितलंत."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक खुर्च्या उचलून भिंतीशी लावायला लागले, जणू तेवढंच काम राहिलं होतं.

ग्रंथपाल मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात हजर. त्यांचं म्हणणं, पुढच्या महिन्याच्या चित्रपटाच्या आधी वाचन-दालनात एक छोटं प्रदर्शन करू. झाकलेले फोटो उघडून लावू. चित्रपट बघून लोक म्हणतात तिकडचं आहे. भिंतीवर आपलाच फोटो बघून काय म्हणतील?

"दुसऱ्याचा एकही उघडणार नाही," काचताई म्हणाली. "झाकलेल्या माणसाने स्वतः हो म्हटलं तरच. नाहीतर आपल्यात आणि झाकायला सांगणाऱ्यांत फरक काय? झाकताना विचारलं नाही, उघडतानाही विचारायचं नाही, असं?" मग तिने मागच्या भिंतीकडे हनुवटीने खूण केली. "तो माझा आहे. तो उघडते." आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुमचे मास्तर कुठे असतात?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"अठ्ठावीस वर्षांत शोधले नाहीत?"

मी शोधले. दोन दिवस लागले, बस्स. अठ्ठावीस वर्षं जे केलं नाही त्याला दोन दिवस लागले. मास्तर दुसऱ्या शहरात मोठ्या माणसांना चित्रकला शिकवतात. शनिवारी येणारे ते गृहस्थ आता त्यांच्याकडेच असतात, गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करत. फोनवर मास्तर आधी खूप हसले. "मी अजून आहे त्या फोटोत? मला वाटलं कात्री लावली असेल." मग म्हणाले, "लावा. खाली माझं नाव लिहा आणि विषय लिहा, चित्रकला. बाकी काही लिहू नका. बघणाऱ्यांनी जरा स्वतःचं डोकं चालवावं."

मी माफी मागायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "बाई, मी सामान घेऊन निघालो तेव्हा तुम्ही व्हरांड्यात उभ्या होतात. काय म्हणालात आठवतं?"

"काही नाही म्हणाले."

"हो. तेच मला आठवतं." आणि मग अगदी प्रेमाने, "गुडघ्यांवर काही चांगलं औषध माहीत असेल तर कळवा."

शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका माझ्या विद्यार्थिनी. त्यांनी फ्रेम मला दिली, पण वहीत 'पॉलिशसाठी बाहेर' असं लिहून दिली. काचताईने मागचा कागद कापला, चुका उपसल्या, पुठ्ठा काढला. पेन्सिलीची ओळ होती तशी होती. मग तिने माउंट उचललं.

 आम्ही चौदा जण पिवळट, विटके, काहींचे चेहरे नुसते पुसट डाग. अठ्ठावीस वर्षांच्या उजेडाने खाल्लेले. आणि कडेला मास्तर, काळे-पांढरे, लख्ख, शर्टाच्या इस्त्रीच्या घड्या मोजून घ्याव्यात असे. त्यांच्या आणि आमच्या मध्ये पुठ्ठ्याच्या कडेने पाडलेली एक तपकिरी रेघ.

"किती सुंदर," मी म्हणाले. "झाकलेला माणूसच टिकला."

काचताईने माउंट टेबलावर आपटलं. "सुंदर? बाई, कविता करू नका. त्याला तुमच्याबरोबर विटायचा हक्क होता. तुमच्याच भिंतीवर, तुमच्याच उजेडात, दरवर्षी थोडा थोडा. तो तुम्ही काढून घेतलात. आणि ही रेघ बघितलीत? ही माझी चूक. तेव्हा मी स्वस्तातला पुठ्ठा वापरायचे. त्यातलं आम्ल फोटोला जाळतं. म्हणजे कापत नाही, कापत नाही म्हणून मी मिरवत होते, आणि आत माझाच पुठ्ठा जाळत होता."

ती बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. तिला वाटत आलं होतं की झाकणं म्हणजे जपणं. ते तसं नव्हतं, हे तिला त्या टेबलाशी कळलं, आणि मला वाटतं, मागच्या भिंतीवरचा फोटो एकदा उघडला की पुन्हा कधी झाकायचा नाही, हे तिने तिथेच पक्कं केलं.

भाऊ त्याच आठवड्यात आला. मी स्टुलावर बसलेली होते, त्याने मला नमस्कारही केला. तो रीतीने वागणारा माणूस आहे.

"ताई, बहिणीचा फोटो वाचनालयात लावणार म्हणे."

"दोघींचा."

"माझी बहीण आहे ती."

"माझी कोण होती, ते विचार ना एकदा. सव्वीस वर्षांत विचारलं नाहीस."

"मी कधी एक शब्द बोललो का?" त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "वर राहिलात. कुणी बोललं तर मी त्यांची तोंडं बंद केली. माझ्या मुलीने तुला आत्या म्हटलं. एक शब्द काढला का मी कधी?"

"नाही काढलास. तिच्या आजारपणातही नाही. ती गेल्यावरही नाही. तुझं तेवढं एकच दुखणं आहे, भाऊ, तू एक शब्द काढत नाहीस."

तो दाराकडे वळला. मग दाराच्या चौकटीवर हात ठेवून, अगदी शांतपणे म्हणाला, "गाळा माझ्या नावावर आहे. वरच्या खोल्याही. फोटो लागला तर महिनाअखेर दोन्ही मोकळं करायचं. बाई साक्षीला आहेत."

तो गेल्यावर मी जे बोलले ते सांगायला मला लाज वाटते. मी म्हणाले, "काचताई, एक वर्ष थांबलात तर? मास्तरांचा लावू या वर्षी. तुमचं दुकान, तुमचं घर... फोटो काय, पुढच्या वर्षीही लागेल."

ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. "बाई," ती म्हणाली, "तुम्ही अजून तेच विचारताय. दिसणार नाही ना?"

प्रदर्शन झालं. दोनच फोटो. ग्रंथपालांनी आणखी एक गोष्ट केली. काचताई स्वतःचा फोटो उघडत होती तेव्हा त्यांनी आपल्या मोबाइलवर ते टिपलं. फक्त हात दिसतात. कागद कापणारे, चुका उपसणारे, पुठ्ठ्यावरची ओळ दाखवणारे, आणि शेवटी माउंट उचलणारे. त्याखालून आधी चार बोटं येतात, मग खांदा, मग ती. सात मिनिटांची ती फिल्म त्या रविवारी मुख्य चित्रपटाच्या आधी पडद्यावर लावली. हात ओळखीचे होते. त्या हातांनी गावातल्या निम्म्या भिंती भरल्यात. 

फोटोखाली तिने कार्डावर लिहिलं होतं, 'आम्ही दोघी. सव्वीस वर्षं एकत्र संसार केला. रंग तिचे, चौकट माझी.'

लोक आले. खूप आले. काही जवळ जाऊन वाचायचे आणि लगेच मास्तरांच्या फोटोकडे वळायचे, जणू तिथे तरी काही नसेल. माझ्या जुन्या सहकारी बाईंनी मास्तरांना ओळखलं आणि पदराने काच पुसली. अभिप्रायाच्या वहीत एकाने लिहिलं, 'फ्रेमचे काम सुबक'. एकाने घाणेरडा शब्द लिहिला, ते पान ग्रंथपाल फाडणार होते, काचताई म्हणाली, "राहू द्या. ह्याला तरी झाकू नका." एकाने विचारलं, "पण हे असं भिंतीवर लावायची गरज काय?" तिने उलट विचारलं, "तुमच्या लग्नाचा फोटो कुठे आहे? पलंगाखाली?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, डॉक्टरांच्या पत्नी आल्या. काचताईच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, अगदी हळू म्हणाल्या, "आमच्या त्या फोटोत... अजून आहे का?"

"मी कापत नाही," काचताई म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या. मला वाटलं फ्रेम घेऊन येतील. आल्या नाहीत. अजून आलेल्या नाहीत. त्या फोटोत कोण आहे ते मला माहीत नाही, काचताईने मला कधी सांगितलं नाही.

शाळेच्या समितीचं पत्र मला आलं. फोटो 'पूर्वीसारखा करून' परत करावा. मी उत्तरात लिहिलं की पूर्वी त्या फोटोत पंधरा जण होते आणि तो आता पूर्वीसारखाच झाला आहे. तो त्यांच्याकडे पाठवला आहे. कपाटात ठेवला असेल. ठेवोत. कपाटात का होईना, पंधरा आहेत.

मला राग कुणाचा येतो, हा प्रश्न मला ग्रंथपालांनी विचारला. भावाचा येतो का? येतो, पण थोडा. त्याने निदान तोंडाने सांगितलं. मला राग येतो तो त्या महिनाअखेरीचा. ज्या रस्त्याने ती काचा डोक्यावर धरून यायची त्याच रस्त्याने तिने सामान हलवलं. पट्ट्यांचे गठ्ठे, टेबल, हिरा, फोटोवालीची खुर्ची. त्या रस्त्यावर एकोणीस दुकानं आहेत. प्रत्येक दुकानात तिने केलेली एक तरी फ्रेम आहे. एकोणीसही दुकानदार दारात आले आणि म्हणाले, "अरेरे." एकाने म्हटलं, "काही लागलं तर सांगा हं." सगळे चांगले लोक. प्रदर्शनात येऊन डोळे पुसून गेलेले. पडद्यावरच्या बेकरीवाल्यांसाठी रडले, भिंतीवरच्या दोघींसाठी रडले, आणि रस्त्यावरून टेबल ओढत नेणाऱ्या जित्या बाईला कुणी टेबलाची दुसरी बाजू धरली नाही. मी आणि ग्रंथपाल, दोघांनी धरली. ग्रंथपालांची कंबर त्यानंतर आठवडाभर धरली होती.

भावाची मुलगी शेवटच्या खेपेला आली. आत्याची खुर्ची तिने स्वतः उचलून नेली. वडिलांशी काय बोलली ते मला माहीत नाही. काचताईने तिला फक्त म्हटलं, "पाय वर धर, जमिनीला घासतायत."

त्या गाळ्यात आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. वरच्या खोल्यांना कुलूप आहे.

काचताईने माझ्या घराजवळच एक खोली घेतली आहे. फोटो तिथे खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे, जिथे सकाळचं ऊन थेट पडतं. फ्रेमवालीने फोटो उन्हात लावावा, हे मला बघवेना, मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "विटू दे." कामासाठी तिला गावाबाहेरच्या सुताराने आपल्या वर्कशॉपमध्ये मागचं टेबल दिलं आहे. तिथे करवत चालते, त्यामुळे काच कापायची तर सुताराला दहा मिनिटं मशीन बंद करावं लागतं, आणि तो करतो. भुसा उडून काचेखाली जातो म्हणून प्रत्येक काच तिला दोनदा पुसावी लागते. ती त्रेसष्ट वर्षांची आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असते, बुधवारी बंद.